धडधाकट गुडघ्याची परीक्षा

कर्जतपासून खालापूरपर्यंत असा एकही डॉक्टर नसेल ज्याने आमच्या मामांचा उजवा गुडघा तपासला नाही. आणि त्या गुडघ्याला कधी काही झालेलंच नव्हतं! जन्मभर शाळेत गणित शिकवून मामा निवृत्त झाले, भिसेगावात राहायला आले, आणि स्वस्थ बसायचं सोडून डॉक्टरांना गुण द्यायला निघाले. "लोक फोनवर डॉक्टरांना तारे देतात ते काय बघून? गाडी लावायला जागा बघून!" असे संतापायचे. तुलना करायची तर सगळ्यांना एकच प्रश्न हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणून हा धडधाकट गुडघा. लंगडत आत जायचं, कण्हायचं. डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला की नापास, गोळ्या लिहिल्या की नापास. आता मला सांगा, बाहेर तापाने फणफणलेली पोरं घेऊन बाया बसलेल्या, आणि आत यांचं नाटक! माझं तर डोकंच फिरायचं.

पहिला नंबर कर्जतच्या एका गोडबोल्या डॉक्टरांचा. त्यांनी नातवंडांची चौकशी केली, गुडघा बराच वेळ चाचपला आणि मग "काही नाही" म्हणाले. सगळ्यात शेवटी खालापूरच्या तरुण डॉक्टरीणबाई. मामा दारातून आत येईपर्यंतच त्यांनी सांगून टाकलं, "काका, गुडघ्याला काय झालेलं नाय तुमच्या. बाहेर माणसं खोळंबलीत, उलटे फिरा." मामा घरी येईपर्यंत धुमसत होते. "उत्तर बरोबर आहे रे, पण रीत कुठाय? हात न लावता उत्तर? शून्य!"

गेल्या वर्षी कुंभिवलीचा एक साखरपुडा आटोपून आम्ही माझ्या गाडीने निघालो. एकाएकी मामीला दरदरून घाम फुटला. छाती दाबून धरत म्हणाली, "अहो, जीव घाबरतोय." खालापूर अगदी जवळ, आणि मामा काय म्हणावेत? "कर्जतला चल! शून्यवालीकडे माझ्या बायकोला नेणार नाही." असा संताप आला! "मामा, गप बसा!" मी त्यांच्यावर ओरडलो आणि गाडी सरळ बाईंच्या दारात नेली.

बाईंनी पायरीवरूनच मामीचा चेहरा पाहिला. विचारपूस नाही, काही नाही. गोळी चघळायला दिली, ॲम्ब्युलन्स बोलावली, स्वतः आत चढल्या आणि पनवेलपर्यंत मामीचा हात सोडला नाही. मागे माझ्या गाडीत मामा रडत होते. "वाचेल ना रे ती?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मामी वाचली. कर्जतपर्यंत गेलो असतो तर काय झालं असतं, ते मला आजही मनात आणवत नाही.

परवा मामीला तपासणीसाठी बाईंकडे नेलं. मामा बाहेर बाकावरच बसले. गुडघा आता खराखुरा दुखतो, सुजलाय, पण दाखवायला तयार नाहीत. मी तडकलोच. "खोटा गुडघा गावभर दाखवलात, आता खरा दाखवायला काय होतंय तुम्हाला?"

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "तिने परत 'काय झालेलं नाय' म्हटलं तर? पैकीच्या पैकी दिलेत रे मी पोरीला. आता कमी कसे करू?"

तेवढ्यात मामीला सोडायला बाई दारापर्यंत आल्या. मामा हात टेकून बाकावरून उठत होते. बाई तिथूनच म्हणाल्या, "काका, आत या. आज खरंच दुखतंय तुमचं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते त्यांचे. "बघितलंस?" म्हणाले, "हात न लावता!" आणि माझा खांदा धरून, खरोखर लंगडत, आत गेले.