मांडीला लावलेल्या तारा

आज रक्त तपासून घ्यायला बसले आणि स्पिरिटचा वास आला. महिन्यापूर्वी गेलेले बाबा त्या वासासरशी आठवले. गोंदियाच्या दवाखान्यातले, वीस वर्षांपूर्वीचे.

मोहाच्या झाडावरून पडून त्यांच्या मणक्याला मार बसला होता. पाय लाकडासारखे ताठ व्हायचे. डॉक्टरांनी स्नायू सैल करणारी गोळी दिली आणि स्नायूंचा ताण रेघेत दाखवणाऱ्या यंत्राच्या तारा मांडीला लावल्या. तासाभरात यंत्रावरची दाट, काटेरी रेघ शांत झाली. मला आनंद झाला. तेवढ्यात बाबा उठायला गेले आणि खालीच बसले. पायांत जोर उरला नव्हता.

"डॉक्टरसाहेब, त्या ताठपणावरच तं उभा होत होतो मी," ते म्हणाले. "तुमची रेघ निजली, माहे पायबी निजले."

डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी पुढची गोळी अर्धी लिहून दिली. संध्याकाळी आधीच्या गोळीचा असर उतरला, तसे बाबा टेबल धरून उभे राहिले. पाय थरथरत होते. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"कायले धरून राहिली, बाई? सोड नं मले."

पडतील या भीतीने मी सोडलं नाही. आज वाटतं, सोडायला हवं होतं. ते आपल्याच पायांवर उभे राहिले असते.