आउटरला उभी

“आउटरला उभी हाय.”

उशीर झालेल्या कुठल्याही गोष्टीबद्दल गार्डसाहेब एवढंच म्हणत. चहा यायचा असो, नळाचं पाणी असो की शेजारच्या सुनेचं बाळंतपण असो. सारी हयात रेल्वेत गार्ड म्हणून गेलेली. स्टेशनाबाहेरच्या ज्या सिग्नलला गाडी अडवून ठेवतात, तो आउटर. गाडी आलेली असते, दिसत असते, फक्त आत येत नाही. तुम्हीही कधीतरी तिथे तासभर शेंगा फोडत बसला असालच.

सोलापुरात स्टेशनच्या रस्त्याला माझं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि समोरच्या बोळात त्यांचं घर. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी माझ्या बाकावर येऊन बसत. गिऱ्हाईक निघालं की उजवा हात वर करून, मुठीत झेंडी असल्यासारखा, दोनदा हलवत आणि म्हणत, “हं, सुटा.” काही ट्रकवाले त्यांनी सुटा म्हटल्याशिवाय गाडीच चालू करीत नसत. अपशकुन नको म्हणून.

टांग्यात बसायचे तर मागे तोंड करून. पुढे टांगेवाल्याशेजारी जागा असली तरी नाही. “गार्डाची जागा मागं. गेलेला रस्ता आपुन बगायचा, येनारा ड्रायवरनं.” असल्या माणसाला म्हातारपणी स्टिअरिंगचा प्रश्न पडावा, ही गंमतच होती.

एकुलता एक मुलगा अमेरिकेत इंजिनिअर होता. शिक्षण संपलं की येतो म्हणून गेला, मग अनुभव घेऊन येतो म्हणाला, मग पुढच्या दिवाळीला म्हणाला. कोणी विचारलं, “काय गार्डसाहेब, कुठवर आला मुलगा?” की उत्तर ठरलेलं. लोक हसत. तेही हसत, पण हसून झाल्यावर स्टेशनाच्या दिशेला एकदा बघत.

त्यांच्या घरी फोन नव्हता. मुलाचा फोन माझ्या दुकानात यायचा, सकाळी दुकान उघडायच्या सुमाराला. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहून हाक मारायची, मग ते टोपी घालून यायचे. फोनवर बोलायला टोपी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “ड्युटी हाय की,” म्हणाले.

तर एका सकाळी ते रिसीव्हर ठेवून वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

“पोरगं नवी गाडी घेतंय, शेठ. येताना घिऊनच येनार. मला इचारतंय, तसलं स्टिअरिंग घेऊ का न्हको. जादा पैसं पडत्यात म्हनं.”

“कसलं स्टिअरिंग?”

“व्हेरी एबल.” छाती जरा पुढे आली. “आमच्या साहेबानं माज्या सर्टिफिकिटात ह्येच लिवलं हुतं. व्हेरी एबल गार्ड.”

आठवडाभर हे लायक स्टिअरिंग आमच्या बाकावर गाजलं. एक टॅक्सीवाला म्हणाला घ्या, एक म्हणाला लायकी ड्रायव्हरला पाहिजे, चाकाला काय करायची. तोवर गार्डसाहेबांनी घरापुढल्या अंगणात पत्र्याची शेड घातली. तिथे त्यांच्या बायकोने वाढवलेली जाई होती, मांडवभर पसरलेली. ती काढावी लागली. गाडी लांब असते म्हणे तिकडची. वेल तोडत होते तेवढा वेळ बाई देवळात जाऊन बसल्या.

मोटारींची मासिकं मी तेव्हा हौसेनं वाचत असे. त्यांतल्या एकात मला तो शब्द सापडला आणि सगळा घोटाळा उलगडला. म्हटलं, “गार्डसाहेब, व्हेरी एबल नाही. व्हेरिएबल. कमीजास्त होणारं.”

ते थोडे खट्टू झाले. “मंजी लायक न्हाय?”

“लायकच आहे. सरळ रस्त्यावर चाक थोडं हललं तर गाडी फारशी ढळत नाही, सरळच जाते. आणि चाक जास्त फिरवलं, की मग पटकन वळते.”

त्यांनी काउंटरवरचं पितळी झाकण घेऊन हातात फिरवून पाहिलं. आधी थोडं, मग जास्त.

“सरळ जायाचं असलं की सरळ जाऊ देतंय.”

“हो.”

“आनि वळायचं असलं की लौकर वळतंय.”

“हो.”

“वळायचं असलं की,” असं पुन्हा एकदा म्हणून त्यांनी झाकण जागेवर ठेवलं.

त्याच दुपारी दुकानासमोर एक अ‍ॅम्बेसिडर उभी होती. गार्डसाहेब जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि चाक धरून बघू लागले. टॅक्सीवाला खिडकीत वाकून म्हणाला, “चाचा, उधर की गाडी में तो चक्का बाये कू रैता. आप इधर बैठ को क्या सीख रै?”

सगळे हसले. चाक किती वळतं यावर इतकं बोलून झालं होतं, ते कुठल्या बाजूला आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आलं नव्हतं. गार्डसाहेब मात्र हसले नाहीत. उतरून बाकावर आले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“शेठ, तितं रस्ता उजव्या अंगाचा, म्हनून चाक डाव्या अंगाला. बरुबर?”

“बरोबर.”

“मग हितं यायचं असलेला मानूस तसली नवी गाडी कशाला घील ओ?”

मी म्हणालो, “आणतात की कोणी कोणी.” आणतही असत. पण ते तोंडातून निघताक्षणीच मला कळलं की उपयोग नाही. आयुष्यभर गाड्यांची पाठ बघितलेल्या माणसाला गाडी येतेय की जातेय हे सांगावं लागत नाही. मला फार वाईट वाटलं. मी नटबोल्ट निवडत बसलो.

पुढचा फोन आला तेव्हा ते हाक मारताच आले नाहीत. सावकाश आले. टोपी होती. पलीकडून मुलगा बराच वेळ बोलत होता. आवाज कळत होता, शब्द कळत नव्हते. गार्डसाहेब नुसते “हां, हां” करीत होते. मग म्हणाले,

“बाळू, ऐक. तू स्टिअरिंगचं इचारलं हुतंस. घे. तितं रस्ते लांब, सरळ. तितंच चालवायची हाय नव्हं? मग चांगलीच घे.”

त्यांनी रिसीव्हर डाव्या हातात घेतला.

“आमचं बरं चाललंय. तू माज्यासाटी थांबू नगंस. आरं, गार्डानं हिरवा दाखवल्याबिगर गाडी हलत न्हाय, म्हनून सांगतुय. हं, सूट.”

बोलताना त्यांचा उजवा हात वर गेला होता. तो मुलाला दिसणार नव्हता हे त्यांना कळत होतं, तरी त्यांनी तो रीतसर हलवला आणि फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तसाच ठेवला. शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत ठेवतात तसा.

जाताना एवढंच म्हणाले, “घरात बोलू नका. ती अजून म्हनती, आउटरला हाय.”

त्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः खड्डा खणून शेडच्या खांबाशी जाई लावली. बायकोनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला म्हणाले, “पत्रा लई तापतुय. सावली हुईल.” गाडी कधी येणार, हे बाकावरच्या लोकांनी हळूहळू विचारायचं सोडलं. मुलाचे फोन येत राहिले, पण आता ते छोटे आणि मोकळे असत. एकदा तर दोघं चक्क हसले.

काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, ते झोपेतच गेले. मी मुलाला फोन लावला. मिळेल त्या विमानाने निघतो म्हणाला. जेऊरकडचे भाऊबंद आले होते. अग्नी मुलानंच द्यायचा म्हणून बर्फाच्या लाद्या आणून ठेवल्या. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फाचं पाणी अंगणात आलं, तरी कोणी उठायचं नाव घेईना. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “काय ओ, कुटवर आला मुलगा?”

आणि माझ्या तोंडून गेलं, “आउटरला उभा आहे.”

बोलून गेल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीशी बसलेल्या बाईंनी मान वर केली.

“न्हाय, शेठ,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी त्येला कवाच सोडलाय. जाई लावली तवाच कळलं मला. पुतन्या दील अग्नी. ह्यांना नका आता आउटरला ठिऊ. उचला.”

आम्ही उचललं. शेडखालून बाहेर पडताना जाई इतकी खाली आलेली होती, की चौघांनाही वाकावं लागलं.