आधी बापाची बाजू

चौथीच्या पोरांना वादविवाद शिकवायचा म्हणजे घशाचं वाटोळं. मी नाशिकच्या गंगापूर रोडवरून स्कूटीनं निफाडकडच्या शाळेत जाते. पहिल्याच तासाला वाटलं, आल्या पावली परत फिरावं. विषय दिला, 'गृहपाठ असावा की नसावा?' सगळा वर्ग 'नसावा'च्या बाकांवर, आणि 'असावा'च्या बाजूला मी एकटी! दुसरा विषय दिला, तर नुसती आरडाओरड. ज्याचा आवाज मोठा तो जिंकला, हे त्यांचं ठरलेलंच. घरी टीव्हीवर तरी दुसरं काय बघतात म्हणा.

शेवटी मी नियमच केला. आधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं सांगायची. तो "हो, हेच माझं म्हणणं," म्हणाला, की मगच आपली. रोज कानीकपाळी ओरडून हे त्यांच्या गळी उतरवलं.

वर्गात सुरगाण्याकडची एक मुलगी होती. आई-बाप द्राक्षबागेत कामाला, राहायला बागेच्या कडेची खोली. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण समोरच्याची बाजू अशी मांडायची, की तो स्वतःच ऐकत बसायचा. लाडकी होती माझी, लपवायचं कशाला?

दिवाळीच्या सुट्टीआधी एका सकाळी ती रडतच आली. बाप तिला गावाकडच्या आश्रमशाळेत घालणार होता आणि दुपारी दाखला मागायला येणार होता.

"बाई, मला नाय जायचं. तुम्ही सांगा ना त्याला."

मला भडभडून आलं. तरी म्हटलं, "मी कशाला? तुझा बाप, तूच सांग. इतके दिवस काय शिकवलं मग?" मधल्या सुट्टीत दोघींनी बसून तिचे मुद्दे काढले.

दुपारी बाप आला. टोपी हातात धरून दारातच उभा. पोरगी त्याच्यासमोर ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरू झाली, "सन्माननीय अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग..."

बापानं दचकून मागे बघितलं, कोण साहेब आला म्हणून! स्पर्धेच्या पाठ भाषणांनी पोरांच्या जिभेला वळणच तसं लागलंय. "अगं, बाप आहे तो तुझा," मी म्हटलं. "सरळ बोल की!"

मग ती सरळ बोलली. "बा, तू आणि आय उजाडायच्या आत बागेत जाता. मी खोलीत एकटी राहते, त्याची तुला धास्ती वाटते. फवारणी झाली का मला खोकला येतो. तिथं दोन वेळचं गरम जेवण हाय, बघायला बाया हायेत. म्हणून मला तिथं ठेवतो. मी तुला नकोशी झाले, असं नाय."

बाप खाली मान घालून ऐकत होता. त्याच्या 'हो'ची वाट न बघताच ती आपल्या बाजूवर आली. "शाळा सुटल्यावर आय येईस्तोवर मी बाईंजवळ थांबीन," एवढा एक मुद्दा कसाबसा निघाला. बाकीचे सगळे मुद्दे गेले वाहून. फ्रॉकची कड मुठीत धरून नुसती उभी. तिच्या वतीनं बोलायचा मोह झाला, पण नियम तो नियम; बापाचा 'हो' अजून राहिलाच होता.

"दादा," मी बापाला विचारलं, "तुमची बाजू बरोबर सांगितली का हिनं?"

"सांगितली बाई. पर एक ऱ्हायलं."

"काय?"

"ही गेली, तर मला करमायचं नाय." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "नका लिहू दाखला."