डावीकडून आवळलेली क्लिप

भूतखेत, करणी, बाहेरचं... असलं काही मी मानत नाही. आजही मानत नाही. खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली, तीही इन्स्पेक्शनला. म्हणजे दुसऱ्याने बनवलेला माल तपासायचा आणि चूक काढायची. सुटताना गेटवर आमचेही खिसे तपासले जायचे. अशा माणसाचा कशावरच लवकर विश्वास बसत नाही. शिक्षण सातवी. तेव्हा लिहिणं सरळसोट वाटलं तर वाटू द्या, मला दुसरं येत नाही.

खडकी बाजाराच्या मागे माझं दोन खोल्यांचं बैठं घर आहे. बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार – लाल, दोनच सीटची, कापडी टप मागे दुमडतो. कारखान्यातले एक साहेब रिटायर होऊन गावी गेले तेव्हा ती त्यांच्या बंगल्यात जांभळाखाली विटांवर उभी होती. भंगारवाल्याने न्यायच्या आधी मी ती ढकलत घरी आणली. शेजाऱ्यांनी विचारलं, "गाडी आणली की कबुतरांची ढाबळ?" मी म्हटलं, कबुतरं आतच आहेत, या बघायला.

लोकांना वाटतं असली गाडी ठेवायला मोठा मेकॅनिक लागतो. काही लागत नाही. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन फासा, पांढरी बुरशी धरत नाही. दाराच्या रबराला ग्लिसरीन चोळा, तडे जात नाहीत. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर चाकं विटांवर उचलून ठेवा. हेडलाइटला रिले बसवा, नाहीतर जुना स्विच जळतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन उकळतं, म्हणून मी भंगारातल्या एका छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरपुढे लावला. चार बोल्ट आणि एक स्विच, बास.

पण हे मी एकट्याने केलेलं नाही. माझी बायको शांता बरोबरीने करायची. इंजिनच्या सांदीत माझा पंजा शिरायचा नाही, तिचा हात बारीक. मी टॉर्च धरून उभा. "अहो, उजेड माझ्या डोळ्यात नको, स्क्रूवर पाडा," असं वर मलाच ऐकवायची. आणि तिने आवळलेला प्रत्येक स्क्रू मी नंतर पुन्हा आवळून बघायचो. एकही कधी ढिला निघाला नाही, तरी बघायचो. ती पदराला हात पुसत म्हणायची, "झाला माल पास? मारा आता शिक्का."

एक काम राहून गेलं. रेडिएटरच्या खालच्या पाइपची क्लिप गंजली होती, पाणी टपकायचं. नाना पेठेतून नवी क्लिप आणली, रविवारी बसवायची ठरली. त्या रविवारी ती दवाखान्यात होती. पुढच्या रविवारी नव्हती.

मी शेडला कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली. नवी क्लिप स्वयंपाकघरातल्या बिस्किटाच्या डब्यात, तिच्या सुया-बटणांत, तशीच राहिली. चार महिने शेडकडे फिरकलो नाही.

मुलगा संतोष हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. सून वैशाली अमरावतीची, लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. संतोषच्या साहेबाला जुन्या गाड्यांचा नाद. "बाबा, गाडी सडतेय, एकदा दाखवा तरी त्यांना," म्हणून मागे लागला. मी म्हटलं आण. पाणी टपकताना बघितलं की आपोआप जाईल.

साहेब आला. बॅटरी आदल्या दिवशी चार्ज करून आणली होती, ती लावली. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं आणि खाली बघत बसलो. एक थेंब नाही. इंजिन चालू केलं, तापू दिलं... तरी नाही. मग उताणा होऊन खाली शिरलो.

पाइपवर नवी कोरी क्लिप होती.

साहेब जाताना म्हणाला, "काका, मेंटेन मस्त केलीय." मी म्हटलं, मी नाही केली. त्याला तो माझा मोठेपणा वाटला.

घरात जाऊन बिस्किटाचा डबा पालथा केला. सुया होत्या, बटणं होती. क्लिप नव्हती.

आता घरात आम्ही तिघं. संतोषला विचारलं तर म्हणे, "बाबा, मला बॉनेट कुठून उघडतं तेसुद्धा माहीत नाही." ते खरं होतं, त्याला सायकलची चेन बसवता येत नाही. राहिली सून. डबा तिच्या स्वयंपाकघरात, दिवसभर घरात तीच, आणि मी पाहिलं – तिच्या नखांत काळं होतं.

"नखात काय आहे?"

"कढई घासली जी आत्ता."

"कढई की रेडिएटर? मी झोपलो की किल्लीचा साबणावर ठसा घेतलास. गाडी धड दिसली की विकली जाईल, घरातली अडगळ जाईल – असंच ना?"

ती कणीक मळायला बसली होती. परात बाजूला सारून उभी राहिली. "बाबा, वर्ष झालं तुमच्या घरात राहून राहिली मी. एवढंबी ओळखलं नाही काय जी मला?"

मी म्हटलं, गेटवर सगळ्यांचेच खिसे तपासतात.

हे बोलायला नको होतं. संध्याकाळी संतोष आला, तिने सांगितलं. तो माझ्यावर ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही एकटे पडाल म्हणून आम्ही तिकडे घर घेतलं नाही. रोज तीन तास कंपनीच्या बसमध्ये काढतो मी. आता तुम्हीच आम्हाला काढताय." दोन बॅगा आणि एक रिक्षा. हिंजवडीला मित्राच्या फ्लॅटवर गेले. परात तशीच होती, कणीक वरून सुकलेली.

दोन खोल्यांत तीन माणसं म्हणजे मला गर्दी वाटायची. एका माणसाला त्या दोन खोल्या फार होतात, हे त्या दिवशी कळलं. तरी डोक्यात संशय होताच. सून नाही तर मग याकूब. हा आमचा जुना दोस्त, बाजारात त्याचं गॅरेज आहे. सकाळी त्यालाच बोलावलं आणि सरळ विचारलं, "माझ्या शेडमध्ये तू शिरलास का?"

"मेरे को दुसरं काम नाही का?" म्हणाला, पण वाकून बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, हे काम डावऱ्या माणसाचं आहे. हा स्क्रू बघ, आत बॅटरीच्या ट्रेकडे तोंड करून बसवलाय. मी किंवा तू असतो तर तोंड इकडे ठेवलं असतं. डावा हात घातल्याशिवाय तिथे स्क्रूड्रायव्हर बसतच नाही. तुझ्या घरात डावरं कोण आहे?"

मी म्हटलं, कोणी नाही. त्याला चहासुद्धा न देता घालवला.

शांता डावरी होती. लहानपणी माहेरी तिच्या डाव्या हातावर उलथन्याचे चटके दिलेले. डाव्या हाताने वाढायचं नाही, द्यायचं नाही, काही करायचं नाही. चारचौघांत ती सगळं उजव्याने करायची. पोटच्या पोराला कधी कळलं नाही, याकूबला कुठून कळणार? फक्त बॉनेटखाली, माझ्यासमोर, ती डावा हात मोकळा सोडायची. हे जगात दोघांनाच माहीत होतं.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी पडलो इन्स्पेक्शनचा. ती क्लिप पूर्ण काढली, उलटी फिरवली, स्क्रूचं तोंड माझ्या बाजूला करून उजव्या हाताने आवळली. कारखान्यात पास झालेल्या बोल्टवर आम्ही रंगाची रेघ मारायचो, अर्धी बोल्टवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते. तशी पांढरी रेघ स्क्रूवरून क्लिपच्या पट्टीवर ओढली. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगोळी पसरली. बाजारातून नवं कुलूप आणलं, किल्ल्या दोन्ही खिशात. घरात दुसरं माणूस नाही. त्या वेळी सकाळचे अकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, कुलूप उघडलं. रांगोळीवर मुंगीचा माग नव्हता. मी पाय टाकत गेलो, बॉनेट उघडलं, वाकलो.

स्क्रूचं तोंड पुन्हा डावीकडे, बॅटरीच्या ट्रेकडे होतं.

क्लिप पूर्ण उघडून काढल्याशिवाय ती उलटी होत नाही. आणि माझी पांढरी रेघ... तशीच्या तशी, अखंड. कुठे चीर नाही.

घाबरलो का? नाही. सवयीने हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला. आवळून बघायला. स्क्रूवर टेकवलासुद्धा. आणि मग एकदम लाज वाटली. एवढी वर्षं तिच्या कामावर मी हेच करत आलो. ती गेल्यावर तिच्यासाठी नवं कुलूप आणलं, रांगोळी पसरली. आणि पोरीला तर चोरच ठरवलं.

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. गाडी विटांवरून उतरवली, चाकांत हवा भरली, काढली ती थेट हिंजवडीला. औंध, वाकड – पुढे कंपन्यांच्या बस एकामागे एक, सगळं ठप्प. एरवी एवढ्या गर्दीत ही गाडी वाफ सोडते. त्या दिवशी तापमानाचा काटा मधोमध. मी एकदाही उतरून खाली बघितलं नाही.

वैशाली फ्लॅटच्या गेटशी कोथिंबीर घेत होती. मला बघून जुडी तशीच धरून राहिली.

"चुकलो," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून शांतानेही ऐकला नव्हता.

"मग कोणी लावली जी ते क्लिप?"

"तुझी सासू कामं कोणत्या हाताने करायची?"

"उजव्या. काहून?"

"काही नाही. बस गाडीत. घरी चल."

तिने दोन सीटकडे पाहिलं. "अन् हे कुठं बसतील?"

"त्याला कंपनीची बस आहे."

ती तोंड फिरवून हसली. लगेच नाही आली. चार दिवसांनी आली, दोन्ही बॅगा घेऊन. गाडी विकली नाही. हे टाइपसुद्धा तिनेच केलंय, शुद्धलेखन तिचं. डावऱ्या हाताचं तिला आज, टाइप करतानाच कळलं.

ह्याला सहा वर्षं झाली. रबरी पाइप दोन-तीन वर्षांत कडक होतो, बदलावाच लागतो. हा अजून मऊ आहे, थेंब गळत नाही. का, ते मला माहीत नाही. संतोष म्हणतो तुम्हीच लावली असेल आणि दुःखात विसरला असाल. असेल. पण माझा डावा हात त्या सांदीत मनगटापर्यंतही जात नाही, मी घालून बघितलाय. आणि न तुटलेल्या रेघेचं काय, ते तो सांगत नाही.

तुमच्यापैकी कोणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त ती क्लिप एकदा उघडून तपासा, असं कोणी सांगू नका.