अंतराळवीर बाईंचं कात्रण

परवा टीव्हीवर पॅराशूट उघडून यान समुद्रात अलगद उतरलं, आतून अंतराळवीर हसत बाहेर आला, आणि मला आमच्या रोह्याच्या खोलीतली एक सकाळ आठवली.

मी सातवीत होते. परतणारं यान आकाशातच तुटल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. त्या यानातल्या बाईंचा पेपरात आलेला फोटो मी वहीत चिकटवला होता. रडत रडत मी ते पान फाडायला घेतलं.

बाबा केमिकल कंपनीत पहिल्या पाळीला निघाले होते. त्यांच्या शर्टाला धुऊनही न जाणारा उग्र वास यायचा. त्यांनी माझा हात धरला.

"फाडू नको गो. ती वर पोचली ना? ते काय खोटं नाय झालं."

"पण परत नाय आली."

"व्हय," एवढंच म्हणून त्यांनी चुरगळलेलं पान तळव्यानं सरळ केलं आणि डबा घेऊन निघाले.

महिन्यापूर्वीच कंपनीतल्या स्फोटात त्यांचा पाळीतला जोडीदार गेला होता. आई रोजच्यासारखी दारात उभी राहिली, सायकल वळणाआड जाईपर्यंत. मला तेव्हा वाटायचं, ती वारा खायला उभी राहते.