स्लॅबचा दिवस

ओल्या सिमेंटचा वास आला की पलूसमधला तो दिवस आठवतो. कर्णबधिरांच्या क्लबचा स्लॅब पडणार होता, आणि माझे बाबा आपल्या कर्णबधिर मित्रांना घेऊन घमेली उचलायला हजर झाले होते. "आवं ताई, ह्यास्नी हाक ऐकू येत न्हाई, वर कसं चढवायचं?" ठेकेदार मला म्हणाला. तेवढ्यात मिक्सर सुरू झाला आणि त्या धडधडाटात कुणालाच काही ऐकू येईना. गवंडी वरून ओरडून दमले. मग बाबा सरळ शिडी चढले. माल पातळ झालाय, पाणी कमी करा, जरा थांबा, असं सगळं त्यांच्या हातांवरून खाली मित्रांकडे पोचू लागलं. स्लॅब दुपारीच उरकला. मिक्सर बंद झाला, तरी ठेकेदार मला हातानंच खुणावत होता, जिलेबी आणा! आजही क्लबात गेले की मी आधी वर बघते. ते छत अजून एकदाही गळलेलं नाही.