ठेव मेल्या, माझा हाय तो!

सुकट भाजली की वास घरभर होतो, आणि मग पडदे धुतले तरी जात नाही. आमच्या डीजे मंडळींचे किस्से तसेच! एक सांगायला घ्यावा तर चार चिकटून येतात, आणि चारही जितूचे निघतात.

मी दिवसा बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि सुटीला हळदीची गाणी मिक्स करतो. सालवडची माझी खोली हाच आमचा स्टुडिओ. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की झाला स्टुडिओ! तिथे पडीक असणारे दोघे. एक दातिवऱ्याचा जितू, हळदीचा डीजे. दुसरा माझ्याच कंपनीतला गुड्डूभैया, मूळचा यूपीचा, ढोलक वाजवायला बसला की शेजारच्या खोलीतली भांडीसुद्धा ठेका धरतात.

दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा उचलून आपल्या गाण्यात लावला, की त्याला सॅम्पल म्हणतात. जितूने नवं गाणं लावलं, की गुड्डूभैयाचा एकच प्रश्न, "पूछ के लिया?"

जितूचंही उत्तर ठरलेलं. "विचारून घेतो ती उसनवारी. न विचारता घेतो तो रिस्पेक्ट!"

०००

आमच्या धंद्यात गाणं चोरीला जातंच. म्हणून प्रत्येक जण आपलं नाव गाण्यात बोलून ठेवतो. त्याला टॅग म्हणतात. चोरणाऱ्याला तो काढता येत नाही.

जितूला पण काढता येत नाही. तो काय करतो, मूळ टॅगवर आपला टॅग लावतो, डबल आवाजात! असंच एक उचललेलं गाणं त्याने सोडलं. ते अजून कोणी उचललं, मग अजून कोणी. प्रत्येकाने आपला टॅग चढवला, आणि फिरत फिरत ते गाणं पालघरच्या एका हळदीत परत जितूच्याच पेनड्राइव्हवर आलं.

त्याने ऐटीत लावलं. एका डीजेचं नाव बोलून झालं. दुसऱ्याचं झालं. तिसऱ्याचं, चौथ्याचं... पोरं हात वर करून थांबलेली, ठेका काही येईना. नवरीचे आजोबा काठी टेकत स्पीकरपाशी आले.

"पोरांनो, पावन्यांचं स्वागत उरकलं असेल, तर गाणं लावा!"

०००

गुड्डूभैयाने एकदा कंपनीच्या मागे रिकामा निळा ड्रम उलटा घातला, वाजवला आणि फोनवर रेकॉर्ड केला. काय ठेका होता! जितूने तो ऐकला आणि अर्थातच रिस्पेक्ट केला.

बोईसरला एका हॉलमध्ये लग्न होतं. दुपारच्या पंगती बसलेल्या, अर्धे पाहुणे एमआयडीसीतले कामगार. जितूने नवं गाणं लावलं. ठेका चढत चढत टोकाला गेला आणि स्पीकरमधून कंपनीचा भोंगा वाजला! गुड्डूभैया रेकॉर्ड करत असताना शिफ्ट बदलली होती, ते जितूने पुढचं ऐकलंच नव्हतं.

अर्धी पंगत उठली. एक जण तर जिलबी तोंडात धरून चप्पल शोधायला लागला! नवरदेवही अर्धा उभा राहिला होता. बायकोने शेला ओढून बसवला.

पंगतीत बसलेला गुड्डूभैया वाढप्याला बाजूला सारत ओरडला, "ये भोंगा मेरा है!"

"तुझा कसा?" जितू म्हणाला. "भोंगा कंपनीचा हाय. तू विचारलंस काय कंपनीला?"

गुड्डूभैया माणूस इतका सरळ, की दुसऱ्या दिवशी खरंच सुपरवायझरला विचारायला गेला. सुपरवायझरने गंभीर चेहऱ्याने विचार केला आणि म्हणाला, "वापर. पण शिफ्ट सुटायच्या टायमालाच वाजव."

०००

मग गुड्डूभैयाने आम्हाला सक्तीच केली, आता विचारून घ्यायचं. म्हणून मी आणि जितू जव्हारच्या वाटेवरच्या एका पाड्यावर काकड्यादादांकडे गेलो. दादा तारपा वाजवतात. भोपळ्याचं लांबलचक वाद्य, त्याच्याभोवती फेर धरून नाचायचं.

"दादा, जरा रेकॉर्ड करू का?"

"करा ना! पण बसून नाय. मी वाजवतो, तुमी नाचा."

नाचलो! दादा काही थांबेनात, आणि तारपा वाजत असताना फेर सोडायचा नसतो. जितूचा फोन चालू, पण पँटच्या खिशात. घरी येऊन ऐकलं तर तारप्याचा पत्ता नाही. नुसता किल्ल्यांचा खुळखुळाट आणि जितूची धाप!

जितूने त्याचंच गाणं केलं. गुड्डूभैयाने ऐकलं, मान डोलावली, मग संशयाने विचारलं, "घुंगरू किसका उठाया?"

"माझ्या बाइकच्या किल्ल्या हायत!" जितू छाती फुगवून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःचा माल वापरला होता.

०००

आता सुमनमावशी. जितूची आई तो लहान असतानाच गेली, त्याला या मावशीने वाढवलं. मासे विकायला पालघरच्या बाजारात बसते. आणि हळदीची गाणी? दातिवऱ्यात मावशी गायली नाही तर हळद लागलीच नाही असं बायका धरून चालतात.

एकदा मांजराने मावशीचा बोंबील पळवला. मावशी मागे धावली, "ठेव मेल्या! माझा हाय तो!" जितूचा फोन चालूच होता. झालं! ते वाक्य ठेक्यावर बसलं आणि गाणं तालुकाभर गाजलं. प्रत्येक वरातीत पोरं ओरडायची, "ठेव मेल्या!"

मावशीला कळलं ते बाजारात. एक गिऱ्हाईक पापलेट उचलून म्हणालं, "ठेव मेल्या?" आणि सगळा बाजार हसला.

मावशी हसली नाही. घरी येऊन जितूला एवढंच म्हणाली, "एक शब्द विचारला असतास तर काय झिजला असतास? आता तुझे हलदीला मशीनच गाऊ दे."

जितूचं लग्न तोंडावर आलेलं. त्याने दार ठोठावलं, गाणं सगळीकडून काढून टाकलं, पाया पडला. मावशी ढिम्म. शेवटी त्याने तिला व्हॉइस मेसेज पाठवला, नाक ओढत, हुंदके देत, "मावशी गो... तू नाय गायलीस तर मी हलद लावून घेनार नाय गो..." मला ऐकवला तेव्हा वाईट वाटलं हो! आई नसलेलं पोर.

हळदीचा दिवस. संध्याकाळ झाली, जितू पाटावर, बायका हळदीच्या वाट्या घेऊन ताटकळलेल्या. मावशी नाही.

आणि मावशी आली! मागे गुड्डूभैया, हातात पेनड्राइव्ह. त्याने तो सरळ स्पीकरला लावला.

आधी ढोलक. मग जितूचा आवाज, "मावशी गो... गो... गो... मावशी गो!" ठेक्यावर नाक ओढणं, समेवर हुंदका! आणि दर चार ओळींनी मावशीचा टॅग, "गानं सुमनमावशीचं हाय, हात लावू नको!"

मांडव उसळला. म्हातारे नाचले, नवरीकडचे नाचले, मी तर खुर्चीवर चढून नाचलो!

जितू पाटावरून ताडकन उठला. "माझं रडणं हाय ते! मला विचारलंत काय?"

गुड्डूभैया म्हणाला, "पूछा ना! मौसी से."

गाणं संपेपर्यंत जितू उभाच होता. मी बघत होतो, त्याचा पाय हळूहळू ठेका धरायला लागला होता. गाणं थांबलं. तो मावशीपाशी गेला, खाली मान घालून.

"मावशी, लय भारी झालंय. मी वापरू काय हे?"

मावशीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. हळदीत बोटं बुडवली, त्याच्या गालाला लावली.

"नाय," ती म्हणाली, आणि पाटाशेजारी बसून गायला लागली.